गिरणी बंद करून केलेला फोन

बोरीत एसटीडी बूथ निघाला त्या वर्षी मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. जिंतूरच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीला लागून एक पत्र्याची खोली होती. तिच्यावर पिवळी पाटी चढली आणि आत प्लायवूडची एक उभी खोकी आली. खोकीला काचेचं दार, आत एक स्टूल, लाल फोन आणि डोक्यावर छोटा पंखा. बूथ चालवणारा तिशीचा होता. लहानपणीच्या पोलिओमुळे त्याचा एक पाय आखूड राहिला होता, म्हणून शेतीऐवजी त्याला बूथ मिळाला होता. सगळे त्याला मालक म्हणायचे. काही गमतीनं म्हणायचे, पण तो ते गंभीरपणे घ्यायचा.

फोन होता, पण आवाज जात नव्हता. बोरीहून जिंतूर, जिंतूरहून परभणी आणि तिथून पुढे, अशी ती लाइन. खांब बाभळींतून आणि लिंबांतून गेलेले. वारा सुटला की तारा एकमेकींना लागायच्या आणि रिसीव्हरमध्ये फुटाणे भाजल्यासारखा आवाज यायचा. फोन लागायलाच पाऊण तास जायचा आणि लागला तरी बहुतेक वेळा मिनिटा-दीड मिनिटात तुटायचा.

यावर मालकानं आपले उपाय काढले होते. पंखा बंद. ट्यूब बंद. रिसीव्हर तळहातावर तीनदा आपटायचा. त्याची वायर चौकटीला ठोकलेल्या खिळ्यावर अडकवायची आणि त्यासाठी काचेचं दार उघडं ठेवायचं. दुसऱ्या कानात बोट घालायचं. काही शेतकरी आत जाताना चपला बाहेर काढायचे. त्यानं लाइन सुधारते असं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे, पण मालक अडवत नव्हता. खोकी स्वच्छ राहायची.

मग ओरडायचं. बोरीत फोनवर बोलतात असं कोणी म्हणतच नव्हतं. लोक म्हणायचे, ‘पुण्याला वरडून येतो.’ त्यामुळे बूथवर आलेल्या माणसाचं काही झाकून राहत नव्हतं. आतला माणूस ओरडायचा, “पोरगा झाला! पोरगा! न्हाई, बाळातीन बरी हाय!” आणि त्यानं फोन ठेवायच्या आत गिरणीच्या रांगेतले लोक त्याच्याकडे पेढे मागायचे. “बैल इकू नका! इकू नका म्हनलो!” असं एकानं ओरडल्यावर रांगेतल्या दुसऱ्यानं त्याला बाहेर येताच समजावलं होतं की बैल विकणंच कसं बरं.

ज्यांना ओरडता येत नव्हतं त्यांच्यासाठी मालक स्वतः ओरडायचा. त्याच्या आवाजाला धार होती. नवीन लग्न झालेली एक मुलगी एकदा त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजली आणि तो फोनमध्ये ओरडला, “त्या म्हनायल्यात, जेवन येळेवर करा! आन् लवकर या! आठवन लय यायलीय म्हनतात!” मुलगी पदरात तोंड लपवून पळाली. गिरणीवरच्या बायका पोट धरून हसल्या. मी डबा घेऊन त्याच रांगेत उभी होते. मी तेव्हाच ठरवलं, इथून कधी फोन करायचा नाही.

माझा आवाज मुळात लहान. माझं शिक्षण परभणीत मामाकडे राहून इंग्रजी शाळेत झालं. त्या शाळेत हळू बोलणं हा चांगला गुण समजला जायचा. सातवीत आम्हाला फोनवर कसं बोलावं याचा धडा होता. बाईंनी दोन खेळण्यातले फोन आणले होते. आधी अभिवादन, मग आपण कोण ते, मग समोरच्याला वेळ आहे का ही विचारणा आणि मग विषय. त्यात माझा पहिला नंबर आला होता. तोपर्यंत मी खरा फोन कधी हातात घेतला नव्हता.

घरीही आम्ही हळूच बोलायचो. त्याचं कारण मात्र वेगळं होतं. आम्ही बौद्ध. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नामांतरावरून मराठवाड्यात जे पेटलं तेव्हा मी तिसरीत होते आणि आम्ही दुसऱ्या एका तालुक्यातल्या गावात राहत होतो. एका दुपारी आम्ही ते गाव सोडलं. सामान नंतर आलं, काही आलंच नाही. एवढंच मला सांगता येईल. त्यानंतर बाबांनी मला आणि आईला एक नियम घालून दिला. नाव विचारलं तर नाव सांगायचं. आडनाव विचारल्याशिवाय सांगायचं नाही. विचारलं तर खोटं सांगायचं नाही.

बोरीतल्या आमच्या दारावरच्या पाटीवर बाबांचं नाव होतं आणि खाली ‘शिक्षक’. मधली जागा रिकामी होती. ती इतकी नीट रंगवलेली होती की पाहणाऱ्याला पाटी पूर्णच वाटावी.

पदवीनंतर मी बरेच अर्ज केले. आठ महिन्यांत कुठूनही उत्तर नाही. सकाळी पाणी भरायचं, दुपारी आईबरोबर निवडणं-टिपणं, संध्याकाळी बाबांच्या वह्या तपासायला मदत. घरात मला कोणी काही बोलत नव्हतं. मला भीती होती ती याची सवय होऊन जाण्याची. एकदा सवय झाली की मग माझं मलाच काही वाटणार नाही, असं वाटायचं.

आणि जानेवारीत पत्र आलं. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात प्रयोगशाळेचं काम शिकवणारा एक वर्षाचा वर्ग होता. राहायची सोय, थोडं विद्यावेतन, पुढे नोकरीची शक्यता. माझं नाव प्रतीक्षा यादीत होतं आणि आता एक जागा रिकामी झाली होती. उमेदवाराने स्वतः दूरध्वनीवरून दिलेल्या तारखेला दुपारी एकपर्यंत होकार कळवावा, अन्यथा जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. पत्र मामाच्या परभणीच्या जुन्या पत्त्यावर जाऊन, तिथून पत्ता खोडून, फिरत फिरत आलं होतं. ती तारीख दुसऱ्या दिवसाचीच होती.

बाबा पत्र घेऊन तसेच पोस्टात गेले. पोस्टमास्तर म्हणाले, तारही त्याच लाइनीवरून जाते आणि लाइन दुपारपासून धरत नाही. मग ठरलं की सकाळच्या पहिल्या एसटीनं परभणीला जायचं आणि तिथल्या तार ऑफिसातून फोन लावायचा. पहाटे आम्ही फाट्यावर जाऊन उभे राहिलो. गाडी आलीच नाही. त्या हिवाळ्यात नामांतरावरून कधी या बाजूचा बंद असायचा, कधी त्या बाजूचा. त्या दिवशी पुढे कुठंतरी रास्ता रोको होता आणि आगारातून गाड्याच सुटल्या नव्हत्या. एक जीपवाला म्हणाला, “गुर्जी, पोरीला घिऊन आज जाऊ नका.” बाबांनी त्याचे आभार मानले आणि आम्ही मागे फिरलो. वाटेत ते म्हणाले, “बूथवरून करू.”

तो बाजाराचा दिवस होता. एसटी नव्हती तरी आसपासच्या वाड्यांवरून बैलगाड्या आल्या होत्या. गिरणीपुढे पोत्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. डिझेलचं इंजिन टकटक चाललेलं आणि त्याच्या जोडीला पट्ट्याचा सपसप आवाज. बूथच्या पायरीवर, सावलीला, बाजारला आलेली सात-आठ माणसं टेकलेली.

पुण्याचं ऑफिस दहाला उघडत होतं. मालकानं पावणेदहापासून नंबर फिरवायला घेतला. साडेदहाला लागला. त्यानं रिसीव्हर तळहातावर आपटला, माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि नेहमीच्या सवयीनं ओरडला, “पोरगी येनार हाय! येनार! जागा ठेवा!”

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण मालकाचा चेहरा पडला. “ते म्हनायलेत, तुमी कोन? उमेदवारालाच बोलू द्या म्हनायलेत.” त्यानं रिसीव्हर माझ्यापुढे केला.

मी घेतला. आयुष्यातला तो माझा पहिला फोन. मी इंग्रजीत म्हणाले, ‘गुड मॉर्निंग, सर.’ मग म्हणाले की मी आपल्या अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भात बोलत आहे, आपल्याला आता वेळ आहे का? ‘संदर्भात’पर्यंत पोचले असेन तेवढ्यात कानात फुटाणे फुटले आणि लाइन गेली.

अकराला पुन्हा लागला. मी पुन्हा ‘गुड मॉर्निंग’पासून सुरुवात केली. मधूनच कशी करणार? पुन्हा गेला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मालक हात जोडून म्हणाला, “बाई, एक सांगू का? तुमचं गुड मॉर्निंग व्हईपर्यंत लाइन जायलीय. ते सोडा. येते म्हना, बस.”

पायरीवरचा एक म्हातारा म्हणाला, “शिकेल हाय ना ती. तिला आदी रामराम घालाव लागतो.”

माणसं हसली. हसणं वाईट नव्हतं, पण माझा उरलासुरला आवाजही त्यात गेला. फोन कानाला लावून मी म्हणाले, ‘मी येते.’ पलीकडून एक वैतागलेला पुरुषी आवाज येत राहिला, “हॅलो? हॅलो? कोणी बोलतच नाहीये,” आणि त्यानं फोन ठेवला. या वेळी लाइन तुटली नव्हती. गिरणीच्या आवाजात माझंच बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

साडेअकरा झाले. शाळेची घंटा कधीच झाली होती. बाबा पायरीखाली उभे होते. ते कधी माझ्याकडे बघायचे, कधी शाळेकडे. त्यांचाही आवाज माझ्यासारखाच. चाळीस मुलांना ते कुजबुजल्यासारखं शिकवायचे आणि मुलं ऐकायला पुढे सरकायची. “वर्गावर कोणी नाही,” ते म्हणाले. मग म्हणाले, “तू कर. होईल.” आणि गेले. ते का गेले हे मला तेव्हा समजलं नाही. आता वाटतं, ते समोर असते तर मला आणखीच अवघड झालं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मी खोकीच्या बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तेवढ्यात मालकाची आत्या मागच्या शेतातून चहाची किटली न्यायला आली. पन्नाशीची, उंच, हातात गोफण. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणायचं. त्यांची ज्वारी बूथच्या मागंच होती, हुरड्याला आलेली, आणि ती दिवसभर माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची. तिचा आवाज मी घरात बसून ऐकलेला होता. बोलण्याचा प्रसंग मात्र कधी आला नव्हता.

तिनं भाच्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर आली.

“कामून रडायलीस?”

“रडत नाही.”

“मग डोळ्यात काय पीठ गेलं का?” तिनं माझं मनगट धरलं. “चल. नंबर लागेपर्यंत चल मह्याबरुबर.”

तिनं मला शेतात नेलं. माळ्याच्या चार खांबांना आडव्या काठ्या बांधल्या होत्या, त्यांवरून मी साडी सावरत कशीबशी वर चढले. वर एक गोणपाट, गोफणीच्या खड्यांचा ढीग आणि पाण्याचं मडकं. तिनं तांब्यात पाणी ओतून मला दिलं, आपल्याच तांब्यात. मी ते बघून ठेवलं. त्या वर्षांत मी असल्या गोष्टी बघून ठेवायची. तिचं लक्ष ज्वारीवर होतं.

“वरड,” ती म्हणाली.

मी ‘हा’ म्हणाले. जवळच्या कणसावरची चिमणीसुद्धा हलली नाही.

“असं न्हाई, माय. तू सगळ्या शेताला वरडायलीस. सगळ्या शेताला कुनाचाच आवाज जात न्हाई. मलाबी जमत न्हाई.” तिनं बांधावरचा लिंब दाखवला. “त्या लिंबाला वरड. त्याला एकट्याला. आन् घशातून न्हाई, हितून.” तिनं माझ्या पोटावर बोट टोचलं. “लय शब्द घिऊ नको. एकच घे. आन् शेवट वढ.”

मी लिंबाकडे पाहिलं. दुसरीकडे पाहिलं नाही. पोटातून काहीतरी वर आलं आणि माझ्या तोंडून ‘हाऽऽऽ’ असा एक आवाज निघाला. तो माझा नव्हता असंच मला वाटलं. लिंबाच्या अलीकडची सगळी पाखरं एकदम उठली, काळी-करडी, आणि रस्त्यापलीकडे गेली.

आत्याबाई कमरेवर हात ठेवून हसली. “हाय की! कुठं ठिवला व्हतास इतके दिवस?”

मी आणखी दोनदा ओरडले. मजा वाटायला लागली. खरं सांगायचं तर तेवढा वेळ मी पुणं विसरले होते.

तिकडून मालकाची हाक आली, “लागला! लागला! या लवकर!”

आम्ही ज्वारीतून पळत आलो. बूथमधलं घड्याळ साडेबारा दाखवत होतं. मालक रिसीव्हर छातीशी धरून उभा होता. मी खोकीत शिरले, वायर खिळ्यावर टाकली. समोर उघड्या दारातून रस्त्यापलीकडचा टेलिफोनचा खांब दिसत होता. मी खांबाकडे पाहिलं आणि मराठीत ओरडले, “मी येतेऽऽ!”

“कोण येते?” पलीकडचा आवाज म्हणाला. “नाव सांगा.”

मी नाव सांगितलं. ते पोचलं.

“हां. पूर्ण नाव? या नावाच्या दोन मुली आहेत यादीत. आडनाव काय?”

मी थांबले. विचारलं होतं. बाबांच्या नियमाप्रमाणं विचारलं तर सांगायचं होतं, त्यात प्रश्न नव्हता. पण नियम करताना असा फोन कोणाच्या डोळ्यापुढे नव्हता. पायरीवर सात-आठ माणसं, गिरणीची रांग, बाजार, आणि त्याच दिवशी त्याच कारणावरून रस्ते बंद. मी आडनाव सांगितलं, पण आधीच्या माझ्या आवाजात.

“ऐकू येत नाही. मागे कसली घरघर आहे?”

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. मालकानं हातानं विचारलं, काय झालं? मी रिसीव्हरवर तळवा ठेवून म्हणाले, “गिरणीमुळे ऐकू येत नाही म्हणतात.”

हे मी सांगायला नको होतं, असं पुढच्याच क्षणी वाटलं. कारण पायरीवर उभ्या असलेल्या आत्याबाईनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि शेतावरच्या आवाजात हाक दिली, “ए गिरनीवाल्याऽऽ! बंद कर रे! पोरीचा फोन हाय पुन्याला!”

रांगेतून कोणीतरी विचारलं, “आन् आमचं दळन?”

“तुजं दळन कुठं पळून चाललंय? गप उभा ऱ्हा!”

इंजिनानं दोन-तीन उसासे टाकले आणि ते थांबलं. पट्टा सैल पडून सपकन वाजला आणि तोही थांबला. बाजाराच्या दिवशी बोरीत इतकी शांतता मी त्याआधी अनुभवली नव्हती, नंतरही नाही. गिरणी थांबली म्हणून बाजारातली माणसंही बोलायची थांबली आणि काय झालं ते बघायला वळली. सगळे माझ्याकडे पाहत होते. माझं काम व्हावं म्हणून त्यांनी मला ही शांतता दिली होती आणि तिच्यातच मला ते सांगायचं होतं.

“हॅलो?” फोनमधून आवाज आला. “आहात का?”

मी खांबाकडे पाहिलं. त्या एकट्याकडे. माझं आडनाव चार अक्षरांचं आहे. मी ते पोटातून घेतलं आणि शेवट ओढला.

“पुन्हा एकदा. आणि अक्षरं सांगा.”

मी पुन्हा ओरडले. मग एकेक अक्षर सुटं करून ओरडले, शाळेत स्पेलिंग म्हणायचो तसं. चार अक्षरं, एकामागून एक, बाजारभर.

“मिळालं,” तो आवाज म्हणाला. “नाव लिहून घेतलंय. सोमवारी सकाळी हजर व्हा, मूळ प्रमाणपत्रं आणि दोन फोटो.” आणि मग, जरा हसून, “आता घरघर नाहीये. एवढं ओरडला नाहीत तरी चालेल.”

मी ‘थँक यू, सर’ म्हणाले. ते त्याला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. फुटाणे फुटले आणि लाइन गेली.

बाहेर आले तेव्हा सगळं आधीसारखंच होतं असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. पायरीवरचे दोघं एकमेकांकडे बघत होते. एकानं माझ्यावरून नजर काढून समोरच्या पोत्यांवर ठेवली आणि ती तिथंच ठेवली. पण ज्यानं रामरामाची चेष्टा केली होती तो म्हातारा पुढे झाला. “मिळाली का जागा?” मी मान हलवली. तो गिरणीकडे वळून ओरडला, “मिळाली रे! कर चालू!” इंजिन पुन्हा टकटकू लागलं. रांगेतल्या कोणीतरी ‘आता दळा एकदाचं’ म्हणून हात जोडले.

आत्याबाई किटली उचलून निघाली होती. मी तिच्या मागे दोन पावलं गेले. मी म्हणाले, “सगळ्यांना कळलं.”

“काय?”

“आडनाव.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी खुळी असल्यासारखं. “अगं, गुर्जी गावात आले त्याच दिसी कळलं व्हतं. गावात काय झाकतं का? तुमीच सांगत नव्हतात.” मग म्हणाली, “बरं केलं वरडलीस ते.” आणि ज्वारीत शिरली.

हे मला आजही पुरतं पचलेलं नाही. गावाला माहीत होतं. आम्हाला माहीत होतं की गावाला माहीत असणार. तरी आठ वर्षं आम्ही ती पाटी तशीच ठेवली होती. माहीत असलेलं न बोलण्यात दोघांचीही सोय होती. त्यात आमच्या वाट्याला भीती होती, आणि त्यांच्या वाट्याला काय होतं ते त्यांनाच विचारायला हवं.

दुपारच्या सुट्टीत बाबा घरी आले. दारातच थांबले. आईनं विचारलं, “कळलं का तुम्हाला?”

“चौथीच्या वर्गापर्यंत ऐकू आलं,” बाबा म्हणाले. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मुलांनी पाढे थांबवले. मला वाटलं, कोण ओरडतंय आपलं नाव घेऊन.” जेवताना एकदम म्हणाले, “तिसरं अक्षर जरा दबलं होतं. बाकी स्पष्ट होतं.” आई हसायला लागली, मग मीही. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

रविवारी गाड्या सुरू झाल्या आणि मी पुण्याला गेले. वसतिगृहात एकच फोन होता, रेक्टर बाईंच्या टेबलावर. पहिले दोन आठवडे मी पत्रं लिहिली. फोनची वाट पाहिली नाही. बाबा त्या खोकीत शिरतील असं मला कधीच वाटलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी सकाळी रेक्टर बाई स्वतः माझ्या खोलीपर्यंत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि त्रास दोन्ही होतं. “तुझ्यासाठी फोन आहे,” त्या म्हणाल्या. “फार ओरडतायत गं. मी अजून काही विचारलंही नव्हतं, फक्त हॅलो म्हटलं, तर स्वतःचं अख्खं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. आणि अक्षरंसुद्धा सांगायला लागले.”

मी जिना उतरून पळत गेले. रिसीव्हर टेबलावर आडवा पडला होता. तो कानाला लावायच्या आधीच मला बाबांचा आवाज ऐकू आला, पातळ, लांबचा, चिरकलेला, मला हाक मारणारा. त्यांना कोणीतरी पोटातून ओरडायला शिकवलं होतं, पण अजून जमत नव्हतं. मी रिसीव्हर उचलला आणि त्यांना सगळं बोलू दिलं. मागे गिरणीचा आवाज येत नव्हता.